योगायोगाला किती मान द्यायचा?



कार्तिकातली अष्टान्हिका चालू आहे. आमच्या मंदिरात सिद्धचक्र विधान बसलंय, त्यामुळं दुपारपर्यंतचा वेळ तिथंच जातो. परवा विधान आटोपल्यावर आम्ही आठ-दहा जणी कट्ट्यावर टेकलो होतो. विषय नेहमीप्रमाणं लग्नांवर आला. एकीच्या मुलाचं तीन वर्षं कुठंच जमत नव्हतं. तो नात्यातल्या एका बारशाला गेला, तिथं मुलीच्या मामांची गाठ पडली आणि अर्ध्या तासात बोलणी सुरू झाली. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "योग असावा लागतो बाई!"

मग दुसरी हकीकत निघाली. ओळखीतली एक मुलगी ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकली. सोबत एक अनोळखी मुलगा. वीस मिनिटं लिफ्ट हलली नाही. तिथून ओळख झाली, आणि आता दोन वर्षांनी ती म्हणते, लग्न करीन तर याच्याशीच. यावर कट्ट्यावर सगळ्या गप्प. शेवटी एकजण हळूच म्हणाली, "हल्लीच्या मुलींना विचार म्हणून नाही."

मी दोन्ही वेळा मान हलवली. घरी येईपर्यंत मात्र ते टोचत राहिलं. बारशात मामा भेटणं हा योगायोग, लिफ्ट बंद पडणं हाही योगायोग. मग पहिल्याला आपण योग का म्हणतो आणि दुसऱ्याला थेर का? मला टोचायला कारणही तसंच आहे. गेलं वर्षभर आमच्या घरात हाच प्रश्न जेवायला बसतो आहे. आज तो तुमच्यापुढं मांडते.

आधी माझं सांगते. माझं लग्न चपलांमुळं झालं.

१९९३ च्या डिसेंबरात श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक होता. बारा वर्षांनी येणारा सोहळा, त्यामुळं आमच्या गावातून एक बस ठरली होती. मुख्य दिवसाची गर्दी ओसरल्यावर आम्ही पोचलो. विंध्यगिरी अनवाणीच चढायचा असतो, दगडात कोरलेल्या सहाशेवर पायऱ्या. पायथ्याशी चपलांचे ढीग पडलेले. माझ्या आईनं निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला ढिगाच्या कडेला काढल्या. बाहुबलींचं दर्शन घेऊन उतरलो तेव्हा तिथं निळ्या पट्ट्यांच्याच चपला होत्या, पण आईच्या पायापेक्षा बोटभर मोठ्या. आई म्हणाली, राहू दे, कुणाच्या तरी चुकून गेल्या असतील. पण दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही म्हणून तिनं त्या घातल्याही नाहीत. तशीच अनवाणी चालत निघाली.

धर्मशाळेच्या वाटेवर एक बाई लंगडत चाललेल्या दिसल्या. टाचा चपलेबाहेर आलेल्या, शेजारी मुलगा पिशव्या घेऊन. आईनं हाक मारली, "अहो बाई, त्या आमच्या का बघा." दोघी तिथंच रस्त्याकडेला हसत बसल्या. कुठल्या तुम्ही, म्हणून विचारलं, तर त्या बाई सांगलीजवळच्या निघाल्या, आमच्या गावापासून जेमतेम बारा किलोमीटरवर! इतक्या जवळची माणसं, आजवर एकमेकांना कधी दिसली नव्हती. भेट झाली ती कर्नाटकात, शेकडो किलोमीटर लांब, त्याही चपलेवरून. त्या बाई आज माझ्या सासूबाई आहेत. पिशव्या धरून उभा असलेला मुलगा म्हणजे आमचे हे. १९९५ च्या अक्षय्य तृतीयेला लग्न झालं.

ही गोष्ट आमच्याकडं प्रत्येक कार्यात सांगितली जाते. ऐकणारे म्हणतात, "बघा, बाहुबली भगवानांनीच गाठ घालून दिली." ऐकायला गोड वाटतं. पण सख्यांनो, आपण स्वाध्याय करणाऱ्या बायका. भगवान कुणाच्या गाठी बांधत नाहीत हे आपल्याला माहीत आहे. ज्यांनी स्वतःचं राज्य सोडलं, वेली अंगावर चढल्या तरी हलले नाहीत, त्या बाहुबलींना कुणाच्या चपला अदलाबदल करायला वेळ आहे का? जोड्या स्वर्गात जुळतात असंही आपण सहज म्हणून जातो. आपल्या शास्त्राप्रमाणं स्वर्गातल्या देवांचंही आयुष्य मोजलेलं आहे, ते संपलं की त्यांनाही पुढच्या गतीला जावं लागतं. ते आपल्या जोड्या कुठं जुळवत बसतील?

मग चपलांचं काय? आपल्याकडं त्याला नेमका शब्द आहे, निमित्त. आणि निमित्ताच्या जोडीला दुसरा शब्द, उपादान. दही लावताना आपण विरजण घालतो. विरजण हे निमित्त. दूध हे उपादान, ज्याचं दही होतं ते. विरजण कितीही चांगलं असलं तरी पाण्यात घालून दही लागत नाही. आणि दूध उकळतं असताना घातलं तर नासतं. निमित्त लागतंच, पण दही होण्याची पात्रता दुधातच असावी लागते. शास्त्रानं तर एका कार्याला पाच समवाय सांगितलेत: स्वभाव, काललब्धी, भवितव्य, निमित्त आणि पुरुषार्थ. ग्रंथागणिक नावं थोडी बदलतात, पण निमित्त हे पाचांतलं एक आहे आणि पुरुषार्थही त्यांत आहेच, हे महत्त्वाचं. आपण मात्र लग्नाच्या गोष्टी सांगताना चार खांब काढून एका खांबावर अख्खा मांडव उभा करतो.

आमच्या दोघांत प्रेम केव्हा आलं, ते आता सांगते. ते श्रवणबेळगोळला आलं नव्हतं. तिथं तर मी त्यांच्याकडं नीट पाहिलंही नव्हतं. लग्नानंतर पहिली दोन वर्षं संसार होता, भांडण नव्हतं, पण आम्ही दोघं एका घरातले दोन सभ्य पाहुणेच होतो म्हणा ना. १९९७ च्या हिवाळ्यात माझे वडील मिरजेला दवाखान्यात होते. एकवीस दिवस मी त्यांच्याजवळ होते. ह्यांचं सांगलीत हळदीचं अडत दुकान. हंगाम नव्हता, तरी दिवसभर माणसं असायची. तरी रोज साडेचारला दुकान मुनीमजींवर सोडून हे स्कूटरनं मिरजेला यायचे. डब्यात भाकरी, आमटी, शेंगांची चटणी, आणि फिरकीच्या तांब्यात उकळून गार केलेलं पाणी. कारण रात्रिभोजनाचा माझा त्याग आहे, आणि अण्णांच्या उशाजवळून उठून मी स्वतःसाठी काही करणार नाही, हे त्यांनी कुणी न सांगता ओळखलं होतं. एकवीस दिवसांत एकदाही डबा दिवेलागणीनंतर आला नाही. एकदा स्कूटर पंक्चर झाली, तेव्हा ती तिथंच सोडून डबा घेऊन रिक्षात बसून आले.

बाविसाव्या दिवशी अण्णा गेले. पण त्या एकवीस दिवसांत मला नवरा मिळाला. आता सांगा, याचं श्रेय मी चपलांना देऊ का?

आणि चपलांचाच हिशोब करायचा तर नीट करू या. आजवर मंदिराबाहेर माझ्या चपला सहा वेळा बदलल्या किंवा गेल्या. एकदा आईसोबत असताना नवरा मिळाला हे धरून सात. बाकी सहा वेळा मी गुपचूप अनवाणी घरी आले. त्या सहांची गोष्ट मी कुणाला सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नाही. योगायोगाचं असंच असतं. हजार वेळा काही होत नाही ते आपण विसरतो आणि एकदा होतं तेच धरून बसतो.

हे लक्षात ठेवायची गरज मोठ्यांपेक्षा मुलींना जास्त आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलीची गोष्ट. नाव सांगत नाही. तिची एका मुलाशी ओळख झाली. दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला. दोघांच्या आज्या एकाच गावच्या. तिनं ज्या दिवशी फोन करायचा ठरवला त्याच दिवशी त्याचाच फोन आला. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "मावशी, हा संकेतच आहे." दोन महिन्यांत लग्न झालं. दीड वर्षात ती माहेरी परत आली. मुलगा वाईट होता असं नाही. पण राग आला की चार-चार दिवस बोलत नसे, पैशाचं काही सांगत नसे, आणि तिला हे सगळं लग्नानंतर कळलं. आधी दोघांनी एकमेकांना काही विचारलंच नव्हतं. विचारायचं कशाला, संकेत मिळाले होते ना!

माझी लेक गणित शिकलेली आहे. तिनं मला सांगितलं, एका खोलीत २३ माणसं जमली तर त्यांतल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. मला आधी खरं वाटेना. तिनं कागदावर मांडून दाखवलं. म्हणजे आपल्या एका हळदीकुंकवातसुद्धा अशी एक जोडी निघायची. त्यात संकेत कसला?

योगायोगावर किती भरवसा ठेवावा, याची आपल्या पुराणात एक फार मोठी गोष्ट आहे. रविषेण आचार्यांच्या पद्मपुराणातली अंजना आणि पवनंजय यांची. लग्न तीन दिवसांवर आलेलं. पवनंजयाला धीर धरवेना, तो मित्राला घेऊन चोरून अंजनेला बघायला गेला. नेमकी त्याच वेळी एक सखी पवनंजयाला कमी लेखून दुसऱ्याच राजकुमाराची स्तुती करत होती. अंजना काही बोलली नाही. तिचं गप्प राहणं त्यानं होकार समजलं. तो दोन घटका आधी आला असता तर वसंतमालेनं केलेली स्वतःची स्तुती तेवढी ऐकून सुखानं परतला असता. पण ऐकू आलं ते नको ते. लग्न केलं, आणि तिचं तोंडही न बघता बावीस वर्षं तिला टाकून दिलं.

मग युद्धाला जाताना मानसरोवराकाठी मुक्काम पडला. रात्री एक चक्रवाकी जोडीदाराच्या विरहानं आकांत करताना दिसली. त्या एका पक्ष्याच्या रडण्यानं त्याला बावीस वर्षांची अंजना आठवली. त्याच रात्री तो गुपचूप परतला. हनुमानाचा जन्म त्या भेटीतून.

लहानपणी मी ही गोष्ट ऐकून चक्रवाकीला धन्यवाद द्यायची. आता वाटतं, दोन्ही योगायोगच होते. एकानं तोडलं, एकानं जोडलं. कानावर पडलेले शब्द आणि डोळ्यांना दिसलेला पक्षी, दोन्हीही स्वतःहून काही करत नव्हते. पहिल्या वेळी पवनंजयाच्या मनात अहंकार होता, म्हणून त्यानं विचारलं नाही. दुसऱ्या वेळी मन मऊ झालं होतं, म्हणून तो उठून गेला. बावीस वर्षांत चक्रवाक पक्षी त्याला कधी दिसलेच नसतील का?

आता माझ्या घरचं.

गेल्या वर्षी दिवाळीला पहाटे निर्वाण लाडू चढवून आम्ही घरी आलो, आणि लेकीनं स्वयंपाकघरात मला गाठून सांगितलं, "आई, मला एक मुलगा आवडतो." ती पुण्याला नोकरी करते. त्याआधीच्या नोव्हेंबरात ती गाडीनं घरी येत होती. गाडी अडीच तास उशिरा. एरवी ती उजेडी घरी पोचते, म्हणून सोबत फक्त दोन दशम्या आणि लोणच्याची फोड. साताऱ्याच्या पुढं ऊन उतरायला लागलं, आणि नेमका तिचा फोन बंद पडलेला. तिनं समोर बसलेल्या मुलाला विचारलं, "किती वाजले?" त्यानं घड्याळ न बघता सांगितलं, "सूर्यास्ताला अजून पंचवीस मिनिटं आहेत. आज सहाला तीन कमी असताना आहे." आणि स्वतःचा डबा उघडला.

तोही चौविहार करणारा. स्लीपरच्या एका डब्यात कितीतरी जागा असतात, आणि समोरासमोर हे दोघं. मुलगा नगरकडचा, स्थानकवासी, घरी मारवाडी बोलतात, बाहेर मराठी. आपल्या दिगंबर चतुर्थातला नाही, आपल्या भागातलाही नाही.

मी काय केलं असेल? नऊ दिवस लेकीशी धड बोलले नाही. मला वाटलं ते असं: त्यांच्याकडं मूर्तिपूजा नाही, मग हिचा अभिषेक, हिची पूजा सुटणार. त्यांचं पर्युषण वेगळं, आपलं दशलक्षण वेगळं. आणि मुख्य म्हणजे गाडीत भेटलेला मुलगा! वर्षभर वधू-वर मेळाव्यांना जाऊन, फोटो आणि पत्रिका गोळा करून मी जी वही केली होती, तिचं काय? आता प्रामाणिकपणे सांगते. धर्म बुडेल ही भीती मी पुढं केली, पण आतली भीती लोक काय म्हणतील हीच होती. मंदिराच्या कट्ट्यावर माझ्या लेकीबद्दल कुणीतरी हळूच "हल्लीच्या मुलींना विचार नाही" म्हणेल, ही.

दहाव्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "चपलांच्या गोंधळात मिळालेली सून मला चालली. गाडीत मिळालेला जावई तुला का चालंना गं?"

मी म्हटलं, "आई, ते वेगळं होतं. तुम्ही मोठी माणसं सोबत होता. घराण्याची चौकशी केली होती."

"मग आता कर की चौकशी! कुणी हात धरलाय का तुझा?"

बोलायला मला जागाच उरली नाही. मी रागावले होते, पण चौकशी केली नव्हती. पवनंजयासारखीच. अर्धं ऐकलं आणि दार लावून घेतलं.

मग मी वही उघडून बसले. त्यातली स्थळं कशी आली होती ते आठवत गेले. एक, मी दातांच्या डॉक्टरकडं थांबले असताना शेजारच्या बाईंनी सुचवलेलं. एक, मेळाव्यात आमच्या खुर्च्या शेजारी आल्या म्हणून. एक, चुकून दुसऱ्याच घरी गेलेल्या लग्नपत्रिकेवरून. ज्याला मी "रीतसर" म्हणत होते, तेही सगळं असंच इकडून तिकडून आलेलं. फरक इतकाच, की तिथं योगायोग आमच्या वाट्याला आला होता आणि इथं लेकीच्या. म्हणजे माझं भांडण योगायोगाशी नव्हतंच. तो कुणाला भेटला, याच्याशी होतं.

सिद्धचक्र विधानात आपण मैनासुंदरीची कथा ऐकतो. सुख कुणामुळं मिळतं, असं राजानं विचारलं. मैना म्हणाली, ज्याच्या त्याच्या कर्मानं. राजाला राग आला, आणि त्यानं वाटेत भेटलेल्या कुष्ठरोगी श्रीपालाला ती देऊन टाकली. ही कथा आपण मुलींना "बघ, मिळेल तो नवरा गोड मानावा" असं शिकवायला वापरतो. मला आता ते पटत नाही. राजाला वाटलं, लग्न मी ठरवलं. खरं तर त्या रागाच्या दिवशी श्रीपालाऐवजी दुसरा कुणी समोर आला असता तर मैना त्याला दिली गेली असती. वडिलांनी ठरवलेलं तेही लग्न योगायोगानंच झालेलं, वर रागाच्या भरात. मैनेचं मोठेपण नवरा मुकाट पदरात घेण्यात नाही. तिनं आपल्या सुखाचा धनी बापाला केलं नाही आणि नशिबालाही केलं नाही. आठ दिवस आराधना केली, गंधोदक लावलं, श्रीपालाबरोबर सातशे जणांना बरं केलं. त्या कथेतून मुलीला शिकवायचंच तर हे शिकवावं.

मग मी लेकीला बसवलं. म्हटलं, "सूर्यास्ताची वेळ पाठ आहे, हे लग्नाचं कारण होत नाही. गाडी वेळेवर आली असती तर तू त्याला ओळखतही नसतीस." ती म्हणाली, "ते मला कळतं आई. गाडीतून उतरले तेव्हा तो आवडला नव्हता. नंतर आवडला." मी विचारलं, "नंतर म्हणजे कधी?" ती थोडी थांबून म्हणाली, "मला डेंग्यू झाला होता ना, तुला सांगितलं नव्हतं. तेव्हा त्याची आई रोज डबा पाठवायची. पाचच्या आत."

माझ्या डोळ्यांपुढं मिरजेचा दवाखाना आला. पण लगेच विरघळायचं नाही असं मी ठरवलं होतं. एका डब्यावरून संसार ठरत नाही, हे मीच तुम्हाला वर सांगितलं. म्हणून मी एक चातुर्मास मागितला. चार महिने घाई नाही, लपवालपवी नाही, दोन्ही घरांना माहीत असू दे, येणंजाणं असू दे. राग आल्यावर तो कसा वागतो ते बघ. पैशाचं उघड बोलता का ते बघ. तुझी नोकरी, त्यांचं घर, म्हाताऱ्यांचं आजारपण, सगळं आधी बोला. आमचे हे दोनदा नगरला जाऊन आले, शेजारीपाजारी बसून आले.

पूजेचं मी स्वतः त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "आई, मी तिला मंदिरात सोडीन. तिची पूजा होईस्तोवर बाहेर बसून माझी सामायिक होईल. अठ्ठेचाळीस मिनिटंच लागतात." पर्वांचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. त्यांचं पर्युषण संपतं तिथं आपलं दशलक्षण सुरू होतं. सासूबाई म्हणाल्या, "त्यांचे आठ अन् आपले दहा, अठरा दिवस घरात पर्व. वाईट काय?"

आमच्या आजोबांच्या काळी आपल्याकडं चतुर्थ आणि पंचम यांच्यातसुद्धा बेटीव्यवहार होत नसे. १८९९ साली स्तवनिधीला आपली सभा स्थापन झाली, समाज एक व्हावा म्हणून किती जणांनी आयुष्य घातलं. आज चतुर्थ-पंचमाचं लग्न झालं तर कट्ट्यावर कुणी वळूनही बघत नाही. मग आपण ज्या भिंतीवर आज अडून बसतो, ती पन्नास वर्षांनी कुणाला दिसेल का, याचा विचार करायला हरकत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे सख्यांनो. मुलगी "योगायोगानं भेटला" म्हणाली म्हणून घाबरू नका. आपण सगळ्याच कुठल्या ना कुठल्या योगायोगानं आपापल्या घरी आलोय. आणि मुलींनो, भेट चमत्कारासारखी झाली म्हणून भुलूही नका. ओळखीचं निमित्त बारसं आहे का लिफ्ट, मध्यस्थ आहे का आगगाडी, हे विचारण्यात वेळ घालवू नका. पुढं काय घडलं, एकमेकांसाठी काय केलं, हे विचारा. तिथं पुरुषार्थ दिसला तर गाठ कुणी घातली याला महत्त्व नाही. तो दिसला नाही, तर रीतसर चौकशी करून आणलेलं स्थळही उपयोगाचं नाही.

आणि कट्ट्यावर त्या लिफ्टवाल्या मुलीबद्दल कुणी हळूच काही बोललं, तर पुढच्या वेळी मी मान हलवणार नाही.

पौर्णिमेनंतरच्या रविवारी नगरची मंडळी पहिल्यांदा आमच्याकडं येणार आहेत. बेत दोन्ही घरांना चालेल असाच, कंदमूळ नाहीच. दुपारी तीनलाच बोलावलंय, म्हणजे बोलणी लांबली तरी जेवणं उजेडी होतील. होकार-नकार त्या दिवशीच ठरेल असं नाही, आणि ठरलं नाही तर मला वाईट वाटेल, पण राग येणार नाही. सासूबाई मात्र तयारीत आहेत. काल मला बजावून सांगत होत्या, "सगळं बघ, पण दारातल्या चपलांवर लक्ष ठेव. नाहीतर आणखी एक सोयरीक जुळायची."

शास्त्राचं सांगताना काही चुकलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.